जेवली का, बाई?

आमच्या जुन्या ऑफिसातल्या मंडळींचं स्नेहसंमेलन ठरलं आहे. प्रत्येकाने जुन्या सहकाऱ्यांपैकी एकेकाबद्दल बोलायचं, अशी टूम कोणीतरी काढली, चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला नेमकी लांजेवारची चिठ्ठी आली. नशीब म्हणतात ते हेच. चार चांगले शब्द मी बोलेन. पण तिच्या गळाला मासा लागला की माझ्या पोटात जे दुखायचं, ते अजूनही दुखतं, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर कोणी मला विचारायला येऊ नये.

पुण्यात जो तो उठून अमेरिकेला निघाला होता, तेव्हाची ही गोष्ट. हडपसरच्या बाजूला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. मांजरीत आमच्या उसाच्या बांधाला लागून 'आलिशान सदनिका' असे फलक लागले होते आणि त्या फलकांखाली, जमिनी विकून मोकळे झालेले आमचेच चुलते कोंबड्यांसारखे ओळीने बसलेले असायचे. मी त्याच मांजरीचा, घरातला पहिला इंजिनियर. कंपनीने मला वर्षभर अमेरिकेला पाठवलं होतं. तिथल्या मॅनेजरला मासेमारीचं वेड. दर शनिवारी तो मला तळ्यावर न्यायचा आणि बास नावाचा मासा नकली आमिषाने कसा पकडायचा ते शिकवायचा. मी परत आलो तो एक पेटी घेऊन. ती उघडली की तिचे तीन मजले आपोआप वर यायचे. चंदेरी, सोनेरी, ठिपक्यांचे, झालरीच्या शेपटीचे नकली मासे, रबरी गांडुळं, पंख्याची पाती लावलेली लाकडी फळकुटं. पुण्यात अशी पेटी दुसऱ्या कोणाकडे असेल असं मला वाटत नव्हतं, आणि तसं वाटण्यात मला फार सुख होतं.

त्या सुखात लांजेवार आली. सुनंदा लांजेवार. भंडाऱ्याकडची. "आमच्या गावात घरं कमी नि तलाव जास्त," असं ती पहिल्याच दिवशी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. बुटकी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, खुर्चीवर मांडी ठोकून बसणारी. ती टेस्टर होती, म्हणजे आम्ही लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणं हे तिचं काम. तिची एक खोड होती. प्रोग्रॅम समोर आला की ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. कीबोर्डला हात नाही. नुसती बघायची. मला वाटायचं, झोपली. मग एकदम हात निघायचे, दोन-चार बटणं दाबली जायची आणि मजल्याच्या त्या टोकाकडून आरोळी यायची, "साहेब, सापडलं!"

साहेब म्हणजे मी. सापडलं म्हणजे माझंच.

नम्रपणा तिच्या वाटेला गेला नव्हता. "माझ्यासारखी टेस्टर पुण्यात नाही जी," ती म्हणायची. "नागपुरात होती एक. ते पण मीच." पुण्यात आम्हांला स्वतःबद्दल हेच वाटत असतं, पण ते आम्ही दुसऱ्याला नावं ठेवून सुचवतो. ही थेट बोलायची. म्हणून जास्त झोंबायचं.

एका सोमवारी मी ती पेटी ऑफिसात नेली. दाखवायला, दुसरं काय! पोरं जमली, वा वा करू लागली. लांजेवार हातात डबा घेऊन आली, एक चंदेरी मासा दोन बोटांत उचलून उन्हात धरला आणि म्हणाली, "हे कोण खाते जी?"

"बास," मी म्हणालो.

"बास म्हंजे?"

"अमेरिकेतला मासा आहे."

"मंग त्याले अमेरिकेतच राहू द्या. आपल्याकडं मरळ आहे. तिले हे दाखवाल तं हसून हसून मरेल बिचारी. तसं पकडायचं असेल तं घ्या बाप्पा."

मजला हसला. मी म्हणालो, "रविवारी या. बघू कोण हसतंय."

"येते नं. डब्बा तुमचा."

रविवारी सकाळी वाघोलीच्या बाजूला एका जुन्या दगडखाणीवर गेलो. पाणी तिने पाहिलेलं नव्हतं, मीही नाही. मुद्दामच तसं ठरवलं होतं. खाणीत पाणी होतं म्हणतात, पण दिसत नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी, मध्ये कुठे कुठे ताटाएवढी मोकळी भोकं. मी पेटी उघडली, सर्वांत चमकदार मासा बांधला आणि झोकात फेकला. परत आला तो पालेभाजीची जुडी घेऊन. दुसरा टाकला, दुसरी जुडी. तासाभरात मी महानगरपालिकेचं जलपर्णी काढण्याचं काम फुकटात करून दिलं. मासा एकही नाही.

लांजेवार तोवर काय करत होती? काही नाही. खाणीला एक चक्कर मारून आली आणि उकिडवी बसली. मग जलपर्णीचं एक रोप मुळासकट उपटून तिने वर्तमानपत्रावर झटकलं. बारीक झिंगे पडले, एक गोगलगाय पडली आणि बोटाच्या पेराएवढं बेडकाचं पिल्लू टुणकन उडून गेलं. "हं," ती म्हणाली. मग पलीकडे बोट दाखवून म्हणाली, "तो बगळा तिकडंच काहून उभा आहे?"

"मला काय माहीत? त्याला विचारा."

"विचारूनच राहिली नं. फुकट थोडीच उभा राहते तो."

मग तिने डब्याच्या पिशवीतून आपलं आमिष काढलं. रबरी स्लीपरच्या तळव्यातून कोरलेला, अंगठ्याएवढा बेडूक. काळाकुट्ट. गळाची दोन टोकं खाली नाहीत, वर, त्याच्या पाठीला चिकटून झोपलेली. म्हणजे पानावरून ओढला तर तो घसरत जाणार, पानात अडकणार नाही. पण कोणी जबड्यात दाबला की रबर दबणार आणि टोकं बाहेर येणार. माझ्या पेटीत असले बेडूक होते. चांगले हिरवे, पिवळ्या पोटाचे, डोळे रंगवलेले. मी ते सुंदर म्हणून जपून ठेवले होते.

"काळा का?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

"रंग माणसाले दिसते साहेब. मरळ खालून पाहते. पाणी गढूळ, वर ऊन. तिले दिसते फक्त सावली. मंग सावली चांगली काळी नको काय?"

तिने बेडूक बगळ्याच्या अलीकडे फेकला. पानावर पडला. तिथून एक उडी, थांबला. दुसरी उडी, थांबला. भोकाच्या काठावर आला आणि तिथे तिने त्याला इतका वेळ बसवला की मला शिंका यायला लागल्या. मग तो पाण्यात उतरला, आणि पाण्याखालून कोणीतरी दार धाडकन लावावं तसा आवाज झाला. बेडूक गेला. मी ओरडलो, "ओढा! ओढा!"

लांजेवारने ओढलं नाही. ती पाण्याकडे वाकून, घरी आलेल्या पाहुणीला विचारावं तसं हळूच म्हणाली, "जेवली का, बाई?" आणि मग हिसका दिला.

मरळ हातभर लांब होती. काळीभोर, सापाच्या डोक्याची. मला त्या क्षणी लांजेवारचा इतका राग आला की तो आठवून आजही माझे कान गरम होतात.

"मरळ आधी नुसती तोंडात धरते," डबा खाताना ती मला शिकवत होती. माझा डबा. "घाई केली की थुंकते. तिले जेवू द्यायचं. विचारायचं, जेवली का, बाई. एवढं म्हणेपर्यंत जेवते." नंतर कितीतरी रविवार मी तिच्याबरोबर तळी पाहिली. कमळाच्या नितळ पाण्यात ती हिरवा बारीक बेडूक काढायची, दाट गवतात चमच्यासारखा चपटा पत्रा सरपटवायची, ढग आले की आमिष बदलायची. पण आधी रोप उपटून झटकणं, आधी बगळा बघणं. "पाण्याले विचारल्याबिगर पेटी उघडायची नाही," हे तिचं ब्रह्मवाक्य. मी पण विचारायला शिकलो. बेडूकही मी काळा केला. पण मासा आला की माझा हात ऐकायचा नाही. जेवली म्हणायच्या आत मी ओढलेलं असायचं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गिळलं असतं. पण तिने माझ्या घरात गळ टाकला.

माझे वडील, तात्या, एके काळी मांजरीच्या नदीवरचे नावाजलेले गळवाले. मग शहराची सगळी घाण नदीत आली, पाणी काळं पडलं आणि तात्यांनी काठी आढ्याला टांगली. ती काठी कळकाची, माझ्या आज्याने विस्तवावर शेकून सरळ केलेली, पिढीभर तेल पिऊन गुळगुळीत झालेली. लहानपणापासून मला ती काठी हवी होती. मागायची छाती नव्हती. तात्यांशी माझं बोलणंच तेवढं. मी इंजिनियर झालो, इंग्रजी बोलायला लागलो, तेव्हापासून ते मला पाहुण्यासारखे वागवायचे. विचारायचे एकच, "जेवलास का?" मी म्हणायचो, "हो." संपलं. अमेरिकेत फोन यायचा तोही तसाच. "जेवलास का?" "हो." "बरं. आईला देतो."

येताना त्यांच्यासाठी मी तिकडची भारी काठी आणली होती, चकचकीत, चक्री लावलेली. तात्यांनी तिचा उपयोग केला. परसातल्या शेवग्याच्या शेंगा पाडायला.

तर लांजेवार एका रविवारी मटण खायला म्हणून आमच्याकडे आली. बोलावणं तिचं तिनेच दिलं होतं. ओसरीवर बसली, वर पाहिलं आणि म्हणाली, "तात्या, ही काठी कोनाची?"

पहिल्या भेटीत तात्या! मला वाटलं, आता हे नुसते हुंकारतील. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या बापाची हाय. का गं?"

"वाकवून पाहू काय?"

"बघ की. मोडू नगंस म्हंजे झालं."

मी पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. तांब्या हातातच राहिला. कारण तात्या बोलायला लागले. बंधाऱ्याखालचा डोह, पुराच्या पाण्यातली मरळ, आईला लग्नानंतर पहिली भेट म्हणून साडी नाही तर मासा नेऊन दिला आणि ती कशी रडली! हे सगळं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो, आणि ते मला कोणी सांगत नव्हतं. ऊन उतरेपर्यंत ती दोघं बसली होती. जाताना ती म्हणाली, "येते तात्या," आणि तात्या म्हणाले, "पुढल्या ऐतवारी ये, पोरी." मला कधी कोणी 'ये' म्हटलं नव्हतं. मी तिथेच राहायचो, म्हणून असेल.

तेव्हापासून दर रविवारी तिच्या मोपेडवर मागे तात्या, तात्यांच्या हातात आडवी काठी, आणि त्या वरातीमागून गाडीत डबे घेऊन मी. लोक मला विचारायचे, "तात्यांची लेक का ती?" मी म्हणायचो, "नाही हो, आमची टेस्टर."

एक दिवस ऑफिसात, कॉफीच्या मशिनपाशी, लांजेवार आवाज खाली करून बोलली. तिने आवाज खाली केला तेव्हाच मला धस्स झालं. "साहेब, तात्याले काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणते, गेली ती नजर येत नाही. आता फक्त समोरचं दिसते, बाजूचं नाही. ते पण जाईल म्हणते. अंधार व्हायच्या आत आपल्या हातानं एक मोठी मरळ काढायची आहे त्याईले."

"तुम्हांला कोणी सांगितलं?"

"त्याईनंच."

माझ्या बापाचे डोळे चालले आहेत, हे मला कॉफीच्या मशिनपाशी कळलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आधी, अगदी आधी, मनात आलं की मला का नाही सांगितलं.

मग ती मोठी मरळ शोधणं सुरू झालं. बारकी मिळायची, मोठी नाही. तात्यांचा नेम चुकायला लागला होता. तिसऱ्याच पानावर आमिष पडायचं आणि ते काही न बोलता काठी खाली ठेवायचे. लांजेवारही तेव्हा गप्प बसायची, ही त्यातल्या त्यात नवलाची गोष्ट.

शेवटी मांजरीतच, रेल्वेरुळांच्या पलीकडे, जुन्या वीटभट्टीचा खड्डा सापडला. पाण्याने भरलेला, कडेने पाणकणीस, वर जलपर्णी. इतकी वर्षं जवळ राहून मी कधी तिकडे फिरकलो नव्हतो. काठावर मुरमाचे ढीग पडले होते. राखणदार म्हणाला, "काय पकडायचं ते आजच पकडा. उद्या भर टाकायला सुरुवात हाय. बिल्डिंग होणार."

लांजेवार रोप उपटायला वाकली आणि तशीच थांबली. काठाजवळच्या मोकळ्या भोकात पाणी खदखदत होतं. शेंदरी रंगाची बारीक पिल्लं, शेकड्याने, एका गोळ्यात वर येत होती, श्वास घेत होती, खाली जात होती. आणि त्यांच्याखाली एक लांब काळी सावली सावकाश फिरत होती. एवढी मोठी मरळ मी तोवर पाहिली नव्हती.

"हीच!" मी म्हणालो. "तात्या, हीच!"

तात्यांनी काठी उचलली नाही. "पिल्लं हायेत," ते म्हणाले.

"लेकुरवाळीवर गळ टाकत नाहीत जी," लांजेवार म्हणाली. "आमच्याकडं कोनी टाकत नाही."

"आमच्याकडं बी न्हाई," तात्या म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. भंडारा आणि मांजरी यांच्यामध्ये अख्खा महाराष्ट्र आहे, पण त्या वेळी तिऱ्हाईत मीच होतो.

मी भडकलो. "अहो, उद्या इथे मुरूम पडणार आहे! मरळ मरणार, पिल्लं मरणार. आज पकडली तर निदान तात्यांची इच्छा तरी पुरी होईल. कसली लेकुरवाळी घेऊन बसलात?"

माझं बोलणं बिनचूक होतं, हे मी आजही सांगतो. लांजेवार मांड्यांखाली हात दाबून काठावर बसली. मी ती बैठक ओळखत होतो. माझ्यातली चूक सापडायच्या आधीची. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तात्या, तुमच्या विहिरीत पाणी किती आहे?"

"हाय की, पुरुषभर."

"मंग सगळं कुटुंबच नेऊ या. पिल्लं पहिले नाही. आधी माय. पिल्लांपाशी आहे तोवरच ती कशावर पण तुटून पडेल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, तुमची पेटी आणा."

"माझी? तुमचा बेडूक कुठे गेला?"

"बेडूक भुकेसाठी असते. ती भुकी नाही. तिले राग आला पाहिजे. राग येईल असं तुमच्या पेटीत पुष्कळ आहे."

तिने लाल-पांढरं लाकडी फळकूट उचललं. दोन्ही टोकांना पंख्याची पाती, पाण्यात ओढलं की खळ्ळ आवाज करणारं. माझ्या पेटीतलं सर्वांत महाग आणि आजवर सर्वांत कुचकामी. तिने त्याचे तिहेरी गळ काढून टाकले, एकच साधा गळ लावला आणि त्याच्या टोकामागचा काटा पकडीने चेपून सपाट केला. त्या काट्यामुळेच मासा सुटत नाही. आता गळ सहज निघाला असता, जखम न होता. आणि हात चुकला तर मासा सुटलाही असता. एकदा सुटली की ती मरळ पुन्हा आली नसती.

ते अमेरिकन फळकूट तिने आज्याच्या काठीला बांधलं. मी पुढे झालो. नेम धरून फेकायला तिथे एकच माणूस धड होता, असं माझं मत. लांजेवारने काठी तात्यांच्या हातात दिली आणि माझ्या हातात बादली.

"मला दिसंना गं पोरी," तात्या म्हणाले.

"मी पाहते नं. समोर धरा. डावीकडं. आनखी थोडं. आता खाली सोडा."

फळकूट पिल्लांच्या पलीकडे टेकलं. तात्यांनी टोक हलवलं. खळ्ळ. पिल्लं फुटली. खळ्ळ. काळी सावली थांबली. मी बादली छातीशी धरून उभा होतो. माझ्याच आमिषाचा मला हेवा वाटत होता, इतकी वेळ आली होती. तिसऱ्यांदा खळ्ळ झालं आणि पाणी फुटलं. काठी वाकली. माझा हात रिकाम्या हवेत ओढला गेला. तात्यांचा हात हलला नाही.

ते पाण्याकडे तोंड करून, अगदी हळू, म्हणाले, "जेवली का, बाई?"

आणि मग त्यांनी ओढलं.

ओल्या पोत्यात मरळ, बादलीत ओढणीने गाळून घेतलेली पिल्लं. आम्ही ती वरात विहिरीवर नेली. आधी पिल्लं सोडली, मग तात्यांनी पायरीवर बसून पोतं पाण्यात मोकळं केलं. मरळ खाली गेली. थोड्या वेळाने पिल्लांचा शेंदरी गोळा पुन्हा वर खदखदायला लागला आणि त्याच्याखाली सावली दिसली. लांजेवारने ते तात्यांना सांगितलं. तात्या म्हणाले, "दिसतंय मला." दिसत असेल-नसेल, देव जाणे. त्यांचा चेहरा मात्र मी इतका हसरा पाहिलेला नव्हता.

ते हात धुवायला गेले तेव्हा लांजेवार मला म्हणाली, "साहेब, तात्या तुमाले विचारतात नं, जेवलास का म्हणून? तुमी काय म्हणता?"

"हो म्हणतो. जेवलेलो असतो."

"हो म्हणता नि उठून जाता. मी पाह्यलं. ते तसेच वाट पाहून राहतात जी. तुमी पुढं काही बोलाल म्हणून."

"आमच्या घरातलं तुम्ही मला सांगू नका," मी म्हणालो.

"नाही सांगत." तिने ओढणी पिळली. "टेस्टर आहे. दिसलं तं बोलली."

पुढच्या वर्षी तिला नागपूरला नोकरी मिळाली. आई गावाकडे एकटी होती, म्हणून गेली. ऑफिसने केक कापला. मी तिच्यासाठी चांगलं भाषण केलं, आणि ते करताना मनातून मोकळं वाटत होतं. चला, सुटलो! आता रविवार माझे, तात्या माझे.

संध्याकाळी तिची बस होती. येरवड्याच्या पुढे नगर रस्त्यावर त्या नागपूरच्या ट्रॅव्हल्स थांबतात. तात्यांना मी गाडीतून घेऊन गेलो. निघताना ते काठी घेऊन बसले तेव्हा मला वाटलं, आता नजर गेली, हातात आधाराला असावी म्हणून असेल. बसपाशी त्यांनी ती चाचपडत लांजेवारच्या हातात दिली.

"ने. तिकडं पाणी हाय. हितं काय करती ही?"

मी लांजेवारकडे पाहिलं. निदान नको म्हणेल, असं वाटलं. माणसं दोनदा नको म्हणतात, तशी रीत आहे. लांजेवारने दोन्ही हातांनी काठी घेतली, कपाळाला लावली आणि तात्यांच्या पाया पडली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमाले नाही देणार साहेब. तुमी भिंतीवर टांगाल."

काठीच्या टोकाला माझं लाल-पांढरं फळकूटही बांधलेलंच होतं. ते द्या, असं म्हणायची सोय राहिली नव्हती.

काठी बसमध्ये मावेना. क्लीनर म्हणाला, टपावर बांधू. लांजेवारने त्याला असं काही सुनावलं की फुटपाथवरचे लोक थांबले. शेवटी ती खिडकीशी बसली, काठीचं बूड मांडीत आणि टोक खिडकीबाहेर. बस सुरू झाली. "जेवून घ्या जी!" ती ओरडली. मला की तात्यांना उद्देशून, कळलं नाही. बस पुढे गेली, वेग वाढला, आणि खिडकीबाहेर त्या फळकुटाची दोन्ही पाती वाऱ्याने गरगर फिरायला लागली. तिचा हात काठीवर घट्ट होता. गर्दीत बस दिसेनाशी झाली तरी मी तिकडे बघत होतो. नंतर ती मला कधी भेटली नाही.

तात्यांना घेऊन परत निघालो. पूल आला. काच अर्धी खाली होती, नदीचा वास आत येत होता. तात्यांनी तोंड माझ्या बाजूला वळवलं आणि नेहमीचं विचारलं, "जेवलास का?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. जेवलेलोही होतो, केक, समोसे, सगळं. मी म्हणालो, "नाही. तुम्ही?"

"मी बी न्हाई," ते म्हणाले. "ती पोरगी बसमधी काय खाईल रं? तिला दुपारी बी भूक नव्हती."

आणि मग तात्या बोलायला लागले. सिग्नल गेले, पूल मागे पडला, मुंढवा आला, तरी बोलतच होते. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते बोलणं माझ्या शेजारच्या सीटवर बसून, माझ्याशी, चाललं होतं. सगळं तिच्याबद्दल. तिने पहिल्या दिवशी काठी कशी वाकवून पाहिली, तिचा हात कसा थांबतो, असा थांबणारा हात आपल्या घरात कोणाचाच नाही. मी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं आणि आतून नुसता जळत होतो.

पण मांजरी यायला अजून अवकाश होता. मी गाडी हळू केली आणि त्यांना बोलू दिलं.